अकरा घरं आणि तीन एअर प्युरिफायर

तिन्ही मशीनं पास झाली होती. मला तेच खटकत होतं.

साइटवरच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी शेवंतीकाकीच्या माजघरात बसले होते. समोर तीन एअर प्युरिफायर. खोलीतली हवा आत ओढायची, गाळायची आणि बाहेर सोडायची, एवढंच त्यांचं काम. एकेक मशीन तासभर चालवायचं, हवेतले कण माझ्या मीटरवर मोजायचे, वहीत लिहायचे आणि पुढचं लावायचं. पहिलं चालू असताना मीटरवर बावीस. दुसऱ्याला तेवीस. तिसऱ्याला परत बावीस. मग तिन्ही बंद केली आणि अर्धा तास थांबले. चोवीस. मीटर घेऊन अंगणात गेले. तिथेही चोवीस.

अंगणातून काजूच्या फॅक्टरीची चिमणी दिसत होती. मध्ये एक शेत आणि एक व्हाळ, म्हणजे ओढा, बस. चिमणीतून काहीच येत नव्हतं.

हवा आधीच स्वच्छ असेल तर प्युरिफायरची परीक्षा होत नाही. धुतलेल्या भांड्यावर साबण तपासण्यासारखं ते. आणि या वाड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, हवा खरंच इतकी स्वच्छ असती, तर मला इथे कुणी पाठवलंच नसतं.

मी गोव्यातल्या साखळीची. वीसेक वर्षं एका खाजगी टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी करते. हवा, धूळ आणि धूर मोजणं हे माझं काम. सुरुवातीला खाणीच्या रस्त्यांवरची धूळ मोजली. खाणी थांबल्यावर कारखाने, बेकऱ्या, हॉटेलांचे जनरेटर. घरात ठेवायच्या मशीनांची तुलना कर, असं मात्र मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

ते काम आणलं गजाननशेटनी. लाटंबार्से गावाच्या टोकाला त्यांची काजू फॅक्टरी आहे. काजू बी मोठ्या फिरत्या ड्रममध्ये भाजतात. भाजताना टरफलातून काळं तेल सुटतं आणि ते जळतं. त्याचा धूर साध्या लाकडाच्या धुरासारखा नसतो. डोळ्यांना झोंबतो, घशात बसतो, वाळत घातलेल्या कपड्यांना धरतो. फॅक्टरीजवळच्या अकरा घरांनी पंचायतीत सह्यांचा अर्ज दिला होता. शेट त्यावर उपाय घेऊन आमच्या ऑफिसात आले होते.

"तीन कंपन्यांचे सॅम्पल मागवलेत," ते म्हणाले. "तिघांतला बेस्ट कुठला तेवढं सांगा. अकरा घरांना अकरा देऊन टाकतो. विषय संपला."

"शेट, धूर चिमणीचा आहे ना? मग आधी चिमणी मोजू या," मी म्हटलं.

"ती नंतर. आधी लोकांना रिलीफ मिळू दे."

कामत सर, म्हणजे आमच्या लॅबचे मालक, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कंपेरिझन रिपोर्ट. चार दिवस साइटवर. होऊन जाईल."

शेट गेल्यावर मी सरांच्या टेबलाजवळ उभी राहिले. "सर, हा माणूस आपला कागद पंचायतीत नाचवणार. लॅबनं हवा पास केली म्हणणार."

"नाचवू दे. कागदावर काय लिहायचं ते आपल्या हातात आहे."

"पण..."

"वृंदा, त्यांनी कंपेरिझन मागितलंय. कंपेरिझन दे."

शेटच्या काजूचं टेस्टिंग वर्षभर आमच्याकडे चालतं. त्यातला ओलावा, बुरशी, सगळं. सरांना ते आठवत होतं आणि मलाही. मी कामाला लागले.

साइटवर जाण्याआधी मी तिन्ही मशीनं लॅबमधल्या एका बंद खोलीत तपासली. पद्धत सोपी आहे. दारं-खिडक्या लावायच्या, दोन उदबत्त्या पूर्ण जळू द्यायच्या, मग मशीन चालू करून धूर किती वेळात उतरतो ते आपल्या मीटरवर बघायचं. मीटर मोजतो ते केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक कण. त्यांना पीएम टू पॉइंट फाइव्ह म्हणतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसात उतरतात, म्हणून मोजायचे तेच.

पहिलं मशीन उंच, देखणं, सगळ्यात महाग. त्यात घड्याघड्यांचा दाट फिल्टर होता, ज्याला हेपा म्हणतात, आणि वास धरायला कोळशाची जाळी. काम चांगलं केलं. पण त्याच्या पडद्यावरचा दिवा चार मिनिटांत लालचा हिरवा झाला, तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला माझा मीटर अजून चांगल्या हवेच्या तिप्पट दाखवत होता. मी मागचं झाकण उघडलं. मशीनचा स्वतःचा सेन्सर स्वच्छ हवा बाहेर पडते त्या तोंडाशेजारीच बसवला होता. म्हणजे मशीन स्वतःचीच हवा हुंगून स्वतःला शाबासकी देत होतं.

दुसऱ्यात फिल्टरच नव्हता. ते हवेत विजेचा भार सोडतं, त्याने कण जड होऊन भिंतीला, पडद्याला चिकटतात. कण थोडेफार उतरले. पण खोलीत झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा तिखट वास भरला. तो ओझोन. डीलरच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, तो फ्रेशनेसचा वास आहे." दम लागणाऱ्या माणसाच्या खोलीत असला फ्रेशनेस नको, असं मी वहीत लिहिलं.

तिसरं दिसायला बाल्दीसारखं. पडदा नाही, दिवे नाहीत, एक बटण आणि आत गोल हेपा फिल्टर. पहिल्यापेक्षा हळू, पण खोलीच्या चारही कोपऱ्यांत सारखं काम. तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा डब्यावर छापला होता, आणि माझ्या हिशेबाशी तो बऱ्यापैकी जुळला. या धंद्यात असं क्वचित होतं.

तिन्ही मशीनं व्हॅनमध्ये घालून मी लाटंबार्सेला आले. शेटनी घर ठरवून दिलं होतं, शेवंतीकाकीचं. चिमणीला सगळ्यात जवळचं. काकी सत्तरीच्या. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला बाहेर, घरी काकी आणि सात वर्षांची नात दिव्या. दिव्याला दम्याचा त्रास. महिन्यातून एकदोनदा तरी औषधाची वाफ घ्यायला तिला साखळीला न्यावं लागे. मागच्या बाजूच्या खोलीत परशराम नावाचा भाडेकरू. बेळगावकडचा, फॅक्टरीत भाजण्याच्या ड्रमवर कामाला.

काकींनी मला पहिल्या दिवशी दारातच अडवलं होतं.

"तू खंयची गो बाय?"

"साखळीची."

"शेटान धाडली?"

"हो. पण मी शेटची नाही. लॅबची."

"शेटान धाडली, मगे तू शेटाचीच." त्या मशीनांकडे बघत राहिल्या. "हें धुंवर खातलें?"

"धूर आत ओढतं, फिल्टरमध्ये धरून ठेवतं."

"आनी मगीर खंय सोडटलें?"

मी सांगितलं की सोडत नाही, फिल्टर भरला की बदलायचा. काकींनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. खरं तर तो प्रश्न डीलरला विचारायला हवा होता. बदलायचे फिल्टर कोण आणणार, कुठून आणणार, यावर शेटच्या कागदात एक ओळही नव्हती.

घर बघून मला दुसरी काळजी लागली. मंगळुरी कौलांचं छप्पर, खाली माळा नाही. सकाळी कौलांच्या फटींतून उन्हाच्या रेघा शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडत होत्या. प्युरिफायर बंद खोलीसाठी बनवलेलं असतं. इथे ते सगळ्या लाटंबार्सेची हवा गाळायला बसलं असतं.

तर, असा पहिला दिवस स्वच्छ गेला. दुसरा पण. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी मागच्या बाजूला गेले. कामाच्या वेळेला परशराम पायरीवर बसून बनियन शिवत होता.

"आज सुट्टी?"

"मेंटेनन्स हाय मॅडम. ड्रम बंद."

"काल पण?"

"काल पण." त्याने सुई थांबवली. "तुमी काय लिवून घेताय?"

"हवा मोजते."

"तसं काय न्हाई, पण आमचं नाव कुटं येऊ नये बगा. आमी कामाची माणसं."

नेमके माझे चार दिवस आणि नेमका तेव्हाच मेंटेनन्स. मी व्हॅनकडे बघितलं. पांढरी, दोन्ही अंगांना लॅबचं नाव, आणि शेतापलीकडून सरळ दिसेल अशी उभी. शिवाय परशराम राहतो इथेच. व्हॅन आली की फोन करणं त्याला किती सोपं. मला त्याचा संशय आला आणि तो मी मनात पक्का केला.

व्हॅनमध्ये दोन लॉगर होते. लॉगर म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा मीटर. माणूस जवळ नसला तरी दर मिनिटाला आकडा साठवून ठेवतो. मी सरांना फोन लावला.

"सर, माझ्यासमोर ड्रम बंद ठेवतायत. एक लॉगर घरात, एक बाहेर ठेवून येते."

"ते स्कोपमध्ये नाही," सर म्हणाले. स्कोप म्हणजे क्लायंटने जेवढं काम सांगितलं तेवढंच.

"बाहेरची हवा माहीत नसेल तर आतली कशाशी कंपेअर करू?"

त्यांनी उलट विचारलं, "घर कुणाचं?"

"शेवंतीकाकींचं."

"मग त्यांना विचार. मला विचारू नकोस."

मी काकींना सगळं सरळ सांगितलं. एक डबी फळीवर राहील, एक खिडकीबाहेर. तीन दिवस. पहिलं मशीन चालूच ठेवायचं. शेटना मी यातलं काही सांगणार नाही.

"तू शेटाची न्हय?" त्यांनी परत विचारलं.

"नाही काकी."

"बरें. रावूं दी." मग विचारलं, "परशरामाक सांगू?"

"नको."

त्या दिवशी मी दोन वाजता निघाले. तिसऱ्या दिवशी मुद्दाम बारालाच गाडी काढली. चौथ्या दिवशी सगळं आवरूनही चार वाजेपर्यंत सोप्यावर बसून राहिले. तोवर दिव्याने मला शाळेतल्या तीन कविता आणि एक पाढा म्हणून दाखवला. पाढ्याच्या मध्ये दोनदा थांबली, श्वास घ्यायला.

पाचव्या दिवशी सकाळी जाऊन मी दोन्ही लॉगर आणि मशीनं घेऊन आले. लॅबमध्ये ते कॉम्प्युटरला जोडले आणि ग्राफ काढला.

बाहेरच्या लॉगरची रेघ त्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे मी दोनला निघाले त्या दिवशी, अडीचपर्यंत सपाट. अडीचला वर चढली. दुसऱ्या दिवशी साडेबाराला चढली. तिसऱ्या दिवशी साडेचारला. मी निघाल्यावर बरोबर अर्ध्या तासाने, रोज. ड्रम तापायला तेवढाच वेळ लागतो. नुसता चढ असता तर काहीही कारण देता आलं असतं. पण मी तीन वेगळ्या वेळी निघाले होते, आणि धूर तिन्ही वेळा माझ्या मागोमाग निघाला होता.

आतली रेघ बाहेरच्या रेघेच्या मागे दहा मिनिटांत जात होती. सगळ्यात महागडं मशीन पूर्ण जोरात चालू असताना. फरक होता, पण नावाला. कौलांच्या फटी मशीनपेक्षा मोठ्या होत्या.

इथवर सगळं मला हवं तसं होतं. मी खूश होते, खोटं कशाला बोलू. मग माझं लक्ष संध्याकाळकडे गेलं.

साडेपाचच्या सुमाराला बाहेरची रेघ खाली येत होती. ड्रम बंद झाला असणार. पण सहाला आतली रेघ परत वर चढत होती. एकटीच. बाहेरच्यापेक्षा उंच, तास-दीड तास, तिन्ही दिवस. दिवसातला सगळ्यात वाईट आकडा फॅक्टरी चालू असतानाचा नव्हताच. तो घरातला होता.

मला वाटलं कुणीतरी लॉगरशी खेळलं. परशरामच असणार. लॉगरजवळ काहीतरी जाळलं असेल, म्हणजे माझा सगळाच डेटा बाद ठरेल. त्या संध्याकाळी मी व्हॅन न घेता बसने लाटंबार्सेला गेले आणि थांब्यापासून चालत काकींच्या घरी पोचले. सहा वाजायला आले होते.

काकी न्हाणीत चुलीपुढे बसल्या होत्या. चुलीवर आंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं भाणं. न्हाणी स्वयंपाकघराला लागून, मध्ये दार नाही. काकी पोत्यातून मूठभर काहीतरी काढून आगीत टाकायच्या, की जाळ फुरफुरत उठायचा आणि काळा धूर छपराला लागून माजघराकडे सरकायचा. माझे डोळे लगेच चुरचुरले. हा धूर मला ओळखीचा होता. दिव्या दोन हातांवर पायरीवर गृहपाठ करत बसली होती.

"काकी, हे काय जाळताय?"

"टरफलां. काजूचीं." मला बघून त्यांना काहीच वाटलं नाही. "बरी पेटतात. लाकडां खंय मेळटात आतां?"

"कुठून आणता?"

"शेट दितात. फुकट. दर आयताराक पोतें."

"फक्त तुम्हाला?"

"न्हय गो. सगळ्यांक. अकराय घरांक." मग हसून म्हणाल्या, "शेट मनशान बरो, धुंवर सोडलो तर."

मी दिव्याकडे बघितलं, मग पोत्याकडे. भाजून फोडलेल्या टरफलात तेल उरतंच. ड्रमचा धूर निदान चिमणीने थोडा वर जात होता. हा तर थेट मुलीच्या तोंडावर.

परशराम मागच्या दाराने आला. अंगाला ड्रमचा वास. मला बघून तो उंबऱ्यावरच थांबला.

"परशराम, मी आले की फॅक्टरीत कोण कळवतं?" मी सरळच विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "कोण कळवायला कशाला पायजे? शेटच्या केबिनीच्या खिडकीतनं तुमची गाडी दिसत्या. शेट म्हणत्यात बंद, की आमी बंद करतो. शेट म्हणत्यात चालू, की चालू." मग म्हणाला, "तुमाला वाटलं, मी?"

मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. तो आत निघून गेला. माफी मागायची ती वेळ होती आणि मी ती घालवली.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गोष्टी सरांपुढे ठेवल्या.

"घरातल्या टरफलांचं लिहिलंस तर शेट नाचतील," सर म्हणाले. "आणि पंचायतीत ती अकरा घरं तोंडावर पडतील. अर्ज त्यांचा, चूल त्यांची."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर आपण पण शेटसारखेच. कोण बघतंय ते बघून बंद, बघून चालू."

म्हणून मी सगळं लिहिलं. लॅबच्या खोलीतला निकाल, घरातला निकाल, माझ्या निघण्याच्या वेळा आणि धुराच्या वेळा शेजारी शेजारी, संध्याकाळची चूल, टरफलं कुठून येतात तेही. शेवटच्या पानावर शेटच्या प्रश्नाचं उत्तर. या घरांमध्ये तिघांपैकी कुठलंही मशीन उपयोगी नाही. वरून बंद केलेल्या लहान खोलीत तिसरं चालेल. दुसरं कुणालाच देऊ नये.

रिपोर्ट घेऊन मी शेटच्या केबिनमध्ये गेले. परशराम म्हणाला ती खिडकी त्यांच्या खुर्चीच्या मागेच होती. काकींचं अंगण तिच्यातून तळहातासारखं दिसत होतं.

शेटनी रिपोर्ट मागून वाचायला सुरुवात केली. चुलीच्या पानावर आल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे धूर त्यांच्याच चुलीचा. हेच मी इतके दिवस सांगतोय."

"टरफलं तुमची आहेत, शेट."

"मी उपकार म्हणून देतो."

"त्याच्या आधीचं पान बघा."

त्यांनी वेळांचा तक्ता बघितला. बोट एकेका ओळीवरून खाली नेलं.

"टेस्टिंग चालू असताना हवा स्वच्छ ठेवायला नको?" ते म्हणाले, आणि मला वाटतं ते मनापासून बोलत होते. मग आवाज बदलला. "हे तुम्हाला परशरामानं सांगितलं."

"नाही. मीटरनं सांगितलं."

"तो तिथेच राहतो."

"शेट, लॉगर मी दुसऱ्या दिवशी ठेवला. परशरामला ठाऊकही नव्हता. काकींना विचारा."

त्यांचा विश्वास बसला नाही. मला ते दिसत होतं, कारण दोन दिवसांपूर्वी मीही त्या माणसाबद्दल असाच विश्वास धरून बसले होते, फक्त उलट्या बाजूने. मला स्वतःची लाज वाटली.

"तक्त्याचं पान काढता येईल?" शेटनी विचारलं.

"येईल. मग त्याच्यावर माझी सही नसेल."

त्यांनी रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकला. पंचायतीच्या मीटिंगला ते चुलीचं एकच पान घेऊन गेले. पण सह्या करणाऱ्यांपैकी कुणीतरी पानाच्या तळाशी छापलेला "आठपैकी सहा" हा नंबर वाचला आणि उरलेली सात पानं कुठे आहेत म्हणून विचारलं. सरपंचांनी पूर्ण रिपोर्ट मागवला. कामत सरांनी तो शेटना कळवून पाठवला. पुढच्या मीटिंगला मला बोलावलं आणि मी वेळांचा तक्ता मोठ्याने वाचला. आधी लोक शेटकडे बघत होते. मी चुलीचं वाचायला लागले तेव्हा ते माझ्याकडे बघायला लागले, आणि त्या नजरा काही फार बऱ्या नव्हत्या.

अकरा प्युरिफायर कुणालाच मिळाले नाहीत. चार महिन्यांनी चिमणी वाढवली आणि तिला स्क्रबर बसवला, म्हणजे धुरावर पाण्याचा फवारा मारून त्यातलं तेल आणि काजळी खाली पाडायची सोय. तो मी नंतर दोनदा मोजला, एकदा न कळवता. दोन्ही वेळा बरा होता. टरफलं फुकट देणं शेटनी बंद केलं आणि ती भट्टीवाल्याला द्यायला सुरुवात केली. याचा वाड्यावर सगळ्यांत जास्त राग आला, आणि तो शेटवर नव्हता, माझ्यावर होता. "तिणें येवन आमचीं टरफलां व्हेलीं," हिने येऊन आमची टरफलं नेली, असं काकी बसथांब्यावर कुणाला तरी सांगत असल्याचं माझ्या कानावर आलं.

शेटनी काजूचं टेस्टिंग वर्षभर दुसऱ्या लॅबला दिलं. कामत सर त्याबद्दल मला एकदाही बोलले नाहीत. परशरामला ड्रमवरून काढून गोदामात टाकलं. मी फॅक्टरीत दोनदा फोन केला, उपयोग झाला नाही. शेवटी ड्रम कुठल्या क्षणी थांबवायचा हे त्याच्याइतकं कुणाला कळेना, दोन घाणे करपले, आणि त्याला परत बोलावलं. तो मला भेटला तेव्हा मी माफी मागितली. "जाऊ दे मॅडम," म्हणाला. पण बसायला सांगितलं नाही.

पुढच्या थंडीत काकींच्या सुनेचा फोन आला. त्यांनी दिव्या झोपते त्या खोलीला वरून प्लायवूडचं छत मारून घेतलं होतं, न्हाणीला दार बसवलं होतं, आणि आता मशीन घ्यायचं होतं. कुठलं घेऊ? मी तिसरं सांगितलं. त्याचा फिल्टर म्हापशाला मिळतो आणि घरच्या घरी बदलता येतो, हेही सांगितलं. दिव्याचा दमा गेला नाही. प्युरिफायरने तो जात नाही. पण त्या हिवाळ्यात वाफ घ्यायला तिला एकदाच साखळीला नेलं, असं सून नंतर म्हणाली. पहिल्या फोनच्या वेळी काकींनी तो हातात घेतला आणि मशीन रात्रभर चालू ठेवलं तर चालेल का, एवढं विचारून परत सुनेकडे दिला.

तेव्हापासून ओळखीचे, अनोळखी, कोणी ना कोणी मला कुठला प्युरिफायर घेऊ म्हणून विचारतात. मी त्यांना विचारते, खोली वरून बंद होते का, आणि तुमच्या घरात काय जळतं. बहुतेकांना हे प्रश्न आवडत नाहीत. त्यांना कंपनीचं नाव हवं असतं. ते मी पटकन सांगत नाही, म्हणून काहीजणांना वाटतं की मी कुठल्यातरी डीलरची माणूस आहे आणि नाव योग्य वेळी काढणार आहे. त्यांना वाटतं ते वाटू दे. मशीन घेण्याआधी संशय घ्यावाच, फक्त तो निम्मा बाहेरच्या चिमणीवर आणि निम्मा आपल्या चुलीवर घ्यावा.